जुना डिजिकॅम स्लो झालाय, बॅटरी टिकत नाही, कार्ड फुल्ल म्हणतोय: दुरुस्तीला टाकायच्या आधी हे बघा

खालच्यापैकी एक जरी लक्षण तुमच्या कॅमेऱ्यात दिसत असेल तर पुढचं वाचा.

- बटण दाबलं की फोटो लगेच निघत नाही, समोरच्याचं हसू मावळल्यावर क्लिक होतं
- फोटो काढल्यावर मागचा बारका दिवा लुकलुकत राहतो, स्क्रीनवर बिझी, आणि तोवर कॅमेरा कुठल्याच बटणाला दाद देत नाही
- व्हिडिओ चालू केला की काही सेकंदांत आपोआप थांबतो
- बॅटरी पूर्ण दाखवतो, फ्लॅश मारला किंवा झूम केला की धाडकन बंद, पुन्हा चालू केला की परत पूर्णच दाखवतो
- चार्ज करून ठेवलेली बॅटरी आठ-दहा दिवसांनी घातली तर रिकामी
- पाच-सहा फोटोंतच मेमरी फुल्ल, आणि आत कार्ड १६ जीबीचं!
- कार्ड लॉक्ड, कार्ड एरर, नाहीतर फॉरमॅट करू का असं विचारत बसतो
- दर वेळी तारीख विचारतो

हे सगळं खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांबद्दल आहे, डीएसएलआरबद्दल नाही. सध्या कॉलेजातल्या पोरापोरींनी आईबाबांच्या कपाटातले २००५ ते २०१२ च्या आसपासचे डिजिकॅम परत बाहेर काढलेत, कोणी पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलून आणतंय, आणि भाचीच्या ग्रुपमुळे ते "मामा, हा परत अडकला" म्हणत माझ्या टेबलावर येत राहतात. तक्रारी ठरलेल्या, स्लो आहे, बॅटरी टिकत नाही, जागा नाही. लोक त्या तीन तक्रारी वेगवेगळ्या समजतात आणि तिथेच गडबड होते. कार्ड संथ असेल तर प्रत्येक फोटो लिहायला कॅमेरा जास्त वेळ जागा राहतो आणि बॅटरी खातो, बॅटरी थकलेली असेल तर फ्लॅश भरायला वेळ लागतो आणि आपण म्हणतो कॅमेराच स्लो आहे, कार्डाचे कॉन्टॅक्ट, म्हणजे सोनेरी पट्ट्या, खराब असतील तर कॅमेऱ्याला कार्ड दिसतच नाही आणि तो जागा नाही म्हणतो. म्हणजे दुखणं एक आणि बोंब दुसऱ्याच्या नावाने. म्हणून खालच्या क्रमाने जा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर दहा-बारा फोटो काढून बघा, नाहीतर नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

सगळ्यात आधी फोटो उतरवून घ्या

पुढे कार्ड फॉरमॅट करायला सांगणार आहे, त्यात सगळं जातं. कार्ड रीडरने कॉम्प्युटरवर सगळं कॉपी करा आणि कॉपी झालेले दोन-चार फोटो उघडून बघा. कार्ड एरर येतंय आणि आत लग्नाचे किंवा आजीचे वगैरे परत न मिळणारे फोटो आहेत? मग त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नका, फॉरमॅटला हो म्हणू नका, कार्ड काढून बाजूला ठेवा. पुसले गेलेले फोटो बऱ्याचदा कार्डावर तसेच पडून असतात आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने निघतात, पण त्यांच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की संपलं.

फोटो जातायत कुठे ते बघा

पाच-सहा फोटोंत मेमरी फुल्ल, यात बहुतेक वेळा हेच निघतं. निकॉनच्या कूलपिक्स, कोडॅकच्या ईझीशेअर अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत थोडी इंटर्नल मेमरी असते, जुन्या मॉडेलात तर इतकीशी की मोजून काही फोटो मावतात. कार्ड नीट बसलं नसेल तर कॅमेरा गुपचूप तिथे फोटो टाकत राहतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात आयएन किंवा कार्डाऐवजी कॅमेऱ्याचं चिन्ह दिसतंय का बघा. कार्ड काढून परत घाला, टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. इंटर्नलमधले फोटो मेनूतून कार्डावर कॉपी करता येतात.

कार्डाच्या डाव्या कडेला छोटी सरकणारी खिट्टी असते, ती खाली सरकली असेल तर कार्ड लॉक. ही खिट्टी म्हणजे नुसतं प्लास्टिक आहे, आत काही नसतं, ती कुठे आहे हे कॅमेऱ्याचा स्लॉट बघतो. खूप वापरलेल्या कार्डाची खिट्टी सैल होते आणि आत ढकलताना आपोआप खाली घसरते, मग बाहेर काढून बघावं तर बरोबर आणि आत घातलं की लॉक्ड. अशा वेळी त्या जागी सेलोटेपचा बारीक तुकडा लावून चालतं, फक्त टेप सोनेरी पट्ट्यांवर जाऊ देऊ नका.

क्लिक उशिरा होतंय? आधी बोट तपासा

म्हणजे खरंच. फोनवर टॅप केलं की फोटो निघतो, त्या सवयीने पोरं डिजिकॅमचं बटण एका दमात खाली दाबतात. या कॅमेऱ्यांत बटण अर्ध दाबल्यावर फोकस आणि उजेडाचं मोजमाप होतं आणि उशीर होतो तो जवळजवळ सगळा त्यातच. अर्ध दाबा, हिरवी चौकट येऊ द्या, बोट तसंच धरून ठेवा, आणि क्षण आला की पूर्ण दाबा. एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात असा माझा अनुभव.

रात्री लक्ष्मी रोडवर मिरवणुकीत कॅमेरा हमखास हळू होतो तो बिघाड नव्हे. फोकस हा उजेड-अंधाराच्या कडा शोधून लागतो, अंधारात गुलाल उडत असताना त्याला कडाच सापडत नाही, मग लेन्स पुढे-मागे करत बसते. अशा वेळी समोरच्या ढोलाच्या कडेवर नाहीतर झेंड्याच्या काठीवर फोकस धरा, साधारण तेवढ्याच अंतरावरचं काहीही चालेल.

मग मेनूत शिरा. रेड आय बंद करा, त्यात खऱ्या फ्लॅशच्या आधी दिवा लागतो आणि तेवढा उशीर होतो. फोटो काढल्यावर तो स्क्रीनवर दाखवत राहणं, म्हणजे रिव्ह्यू, तो बंद करा. डी-लायटिंग, आय-कॉन्ट्रास्ट असल्या नावाच्या सोयी बंद करून बघा, यात कॅमेरा प्रत्येक फोटोवर आतल्या आत जास्तीचं काम करतो. आणि रात्री ट्रायपॉडवर एक-दोन सेकंदांचं शटर ठेवलं असेल तर फोटोनंतर तेवढाच वेळ आणखी थांबावं लागतं कारण कॅमेरा शटर बंद ठेवून दुसरा काळा फोटो घेतो आणि पहिल्यातले ठिपके त्यावरून वजा करतो. त्याला करू द्या.

काहीच कळत नसेल तर रीसेट ऑल. जुन्या बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्यात आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलंय ते शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा

कॉम्प्युटरवर नको, फोनमध्ये तर नकोच. कॅमेरा स्वतःला हव्या तशा पद्धतीने कार्डाची मांडणी करतो, डीसीआयएम नावाचा फोल्डर करतो, त्यात १०० पासून ९९९ पर्यंतचे फोल्डर आणि ०००१ ते ९९९९ पर्यंतचे फोटो. कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यातून आलं असेल आणि त्यात आधीच मोठा नंबर असेल तर काही कॅमेरे तिथूनच पुढे मोजायला लागतात, आणि नंबर संपले की कार्ड रिकामं असूनही फोटो सेव्ह होत नाही म्हणतात. फॉरमॅट करा आणि मेनूत फाइल नंबरिंग रीसेट करा, झालं.

फोनमधून काढलेलं कार्ड असेल तर त्यात अँड्रॉइड, लॉस्ट डिर असले फोल्डर आणि थंबनेलचा ढीग असतो, कॅमेऱ्याला त्यातलं काही दिसत नाही पण जागा तर गेलेली असते. मॅकवाल्यांची वेगळीच गंमत, कार्ड लावून फोटो डिलीट केले तरी ते कार्डावरच्याच लपलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये जातात, कार्ड लावलेलं असताना ट्रॅश रिकामा केला नाही तर जागा सुटतच नाही. कोणी प्रोटेक्ट केलेले, किल्लीचं चिन्ह असलेले फोटो इरेज ऑलने जात नाहीत, फॉरमॅटने जातात. कॅननमध्ये लो लेव्हल फॉरमॅट असा पर्याय दिसतो, कार्ड संथ वाटत असेल तर एकदा तो करून बघा, वेळ लागेल, बॅटरी भरलेली असू द्या.

कॉन्टॅक्ट पुसा

पाच रुपयांचं काम. पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने कपाटात पडलेला कॅमेरा दमट हवा खातो, कार्डाच्या आणि बॅटरीच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर बसतो. डोळ्याला दिसत नाही पण वीज अडते. फ्लॅश भरताना आणि झूमची मोटर फिरताना कॅमेरा एकदम जास्त करंट मागतो, तेवढा मिळाला नाही की व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बॅटरी संपली समजून बंद होतो. फ्लॅश मारला की बंद, परत चालू केला की फुल्ल, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

पांढरा मऊ खोडरबर घ्या, कार्डाच्या आणि बॅटरीच्या पट्ट्यांवर हलक्या हाताने फिरवा, खोडरबराचा भुसा पूर्ण झटका. कॅमेऱ्याच्या आत खोडरबर घालू नका, तिथे इअरबडला मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, थेंब गळेल इतकं नको. पेन्सिल सेलवाल्या कॅमेऱ्यात सेल गळून पांढरा-हिरवट थर जमला असेल तर इअरबडला जरासं व्हिनेगर लावून पुसा कारण अल्कलाइन सेलमधून गळणारा पदार्थ क्षारी असतो आणि व्हिनेगर त्याला मारतं, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. हे सगळं बॅटरी बाहेर काढूनच. कार्ड स्लॉटच्या आतल्या पिनांना सुई-टाचणी लावायची नाही, एक पिन वाकली की स्लॉट गेला.

बॅटरी

पेन्सिल सेलवाल्यांनी आधी हे बघा की सेल कुठले आहेत. घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त सेल कॅमेऱ्याला पुरत नाहीत, त्यातून एवढा करंट निघतच नाही, कॅमेरा चालू होऊन लेन्स बाहेर येते आणि तिथेच मान टाकते. अल्कलाइन चालतात पण महाग पडतात. कायमचा उपाय म्हणजे एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) रिचार्जेबल, त्यातही पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे, सॅन्योने २००५ मध्ये एनेलूप आणले त्या जातीचे. साधे रिचार्जेबल जुने झाले की नुसते पडून रिकामे होतात, आठ-दहा दिवसांत बॅटरी संपते ती अशी. दोन्ही सेल एकाच जोडीचे ठेवा, एक नवा एक जुना केला की जुना आधी झोपतो आणि नव्यालाही घेऊन बसतो. एक गोष्ट कोणी बघत नाही, निकॉनसारख्या काही कॅमेऱ्यांच्या सेटअप मेनूत बॅटरी टाइप असतो. एनआयएमएच सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा, मेनूत अल्कलाइन ठेवून एनआयएमएच घातले तर कॅमेरा ते अर्धे संपलेत असं धरून चालतो. फुकटात बॅटरी वाढते ती इथे.

चपट्या लिथियम बॅटरीचं गणित निराळं. ती न वापरताही म्हातारी होते, दहा-पंधरा वर्षांपूर्वीची बॅटरी कितीही जपली असली तरी ताकद गेलेली असते. मल्टिमीटर असेल तर चार्जरमधून काढून तासाभराने मोजा, ४.१ ते ४.२ व्होल्ट यायला हवेत. पण एवढं आलं म्हणजे बॅटरी चांगली असं नाही, थकलेली बॅटरीही सुट्टी असताना छान व्होल्टेज दाखवते आणि लोड आला की कोसळते. त्यामुळे मित्राची त्याच नंबरची बॅटरी अर्धा दिवस मागून घ्या, ती चालली तर निदान पक्कं आणि फुकट.

टेबलावर ठेवली की डुगडुगते, किंवा कप्प्यातून निघताना अडकते, म्हणजे बॅटरी फुगली. ती परत चार्ज करायची नाही, दाबायची नाही, स्क्रूड्रायव्हरने उचकटायची तर अजिबातच नाही. सहज बाहेर निघाली तर ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत टाकू नका.

नवी घ्यायची तर तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा आणि जुनी बॅटरी सोबत न्या, मॉडेलचं नाव सांगून नाही तर बॅटरीवरचा नंबर जुळवून घ्या. एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप, कॅननची एनबी-४एल कंपनीची ७६० एमएएच होती. त्याच आकाराच्या डब्यावर कोणी १८०० लिहिलं असेल तर ती शाई आहे, वीज नव्हे. डुप्लिकेट बॅटरी चालते, मी स्वतः बसवतो, पण छापलेल्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

डब्यावर एका चार्जमध्ये २०० फोटो असं काही लिहिलेलं असतं ते सीपा नावाच्या जपानी संघटनेच्या पद्धतीने मोजतात, दर तीस सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फ्लॅश. आपण काय करतो, एक फोटो काढतो आणि मग दहा जण मिळून स्क्रीनवर झूम करकरून तो बघतात. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, ऑटो पॉवर ऑफ एका मिनिटावर आणा, सतत फोकस करत राहण्याचा पर्याय बंद करा, वायफाय-जीपीएस असेल तर तेही. फ्लॅश नको तेव्हा बंदच ठेवा. डिसेंबरात पहाटे सिंहगडावर गेलात तर जास्तीची बॅटरी बॅगेत नाही, आतल्या खिशात ठेवा, थंडीत लिथियमची ताकद घटते, ऊब मिळाली की बरीचशी परत येते.

तारीख विचारण्याचं कारण आत घड्याळासाठी वेगळी बारकी बॅटरी असते. बहुतेकांत ती मोठ्या बॅटरीवर चार्ज होते, म्हणून भरलेली बॅटरी घालून कॅमेरा एक-दोन दिवस तसाच ठेवा. काही मॉडेलात बटण सेल असतो, तो बाहेरून बदलता येतो. आत सोल्डर केलेली असेल तर सोडून द्या, तारीख हाताने घाला.

कार्ड बदलायचं असेल तर

कॅमेऱ्याच्या कार्डाच्या झाकणाजवळ किंवा पुढे कुठेतरी लोगो असतो, तो वाचा. नुसतं एसडी लिहिलंय म्हणजे २ जीबीपर्यंतच. एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंत, हे २००६ मध्ये आलं. एसडीएक्ससी त्याच्या वर, ते २००९ मध्ये जाहीर झालं. नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो, जुना कॅमेरा नवं वाचत नाही, मग त्यात ६४ जीबी घालून कार्ड एरर आली तर दोष कोणाचाच नाही. ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागतं, ते फार तर २ जीबीचं आणि आता जुनंच मिळतं, कॅमेरा घेताना कार्ड सोबत आहे ना तेवढं बघून घ्या. सोनीच्या मेमरी स्टिकला मायक्रो एसडीचे अडॅप्टर मिळतात.

वेगाचं सांगतो. क्लास ४, क्लास १० म्हणजे सेकंदाला कमीत कमी तेवढे एमबी लिहिण्याची हमी. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला २८ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे साडेतीन एमबी, त्याला क्लास १० भरपूर झालं. दुकानदार व्ही ३०, यू ३ लिहिलेली आणखी वेगवान कार्डं गळ्यात मारायला बघेल, जुन्या कॅमेऱ्याचा स्वतःचाच वेग तेवढा नाही, पैसे वाया. व्हिडिओ आपोआप थांबत असेल तर मात्र कार्डच संशयित, ते लिहिण्यात मागे पडतं, कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा भरते आणि रेकॉर्डिंग तुटतं.

८ किंवा १६ जीबी घ्या. १६ जीबीत चार एमबीचे साडेतीन हजारांच्या वर फोटो मावतात, आणखी कशाला पाहिजे. नकली कार्डं खूप फिरतात, वर ६४ लिहिलेलं आणि आत खरी जागा चार-आठ जीबी, ती भरली की पुढचे फोटो अर्धे राखाडी किंवा उघडतच नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. नवीन कार्ड आणल्या दिवशीच ही टेस्ट करा, बिल असेपर्यंत. मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरत असाल तर एकदा साधं कार्ड घालून बघा, सैल अडॅप्टर हा एक जुना चोर आहे.

इथे हात थांबवा

एवढं करूनही तसाच असेल, तर स्क्रू खोलायला घेऊ नका. फ्लॅशसाठी आत कपॅसिटर असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास साठलेलं असतं आणि बॅटरी काढून ठेवली तरी ते बराच वेळ तसंच राहतं. झटका बसला की हात उडतो, आणि वाईट नशीब असेल तर त्याहून जास्त होतं. व्हिडिओ बघून उघडणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

झूम बाहेर येऊन अर्ध्यात अडकतो, लेन्स एरर येते, जुन्या कॅननमध्ये ई१८ दिसतं, तर आत वाळू किंवा धूळ गेलीय नाहीतर गिअर सुटलाय. हाताने ओढू-दाबू नका. पाण्यात पडलेला, बॅटरी फुगून आत अडकलेला, चार्जिंगला तापणारा, जळका वास येणारा, आणि दोन वेगवेगळी चांगली कार्डं घालूनही कार्ड एरर देणारा, हे सगळे कारागिराचे. लेन्सच्या आत बुरशीचे धागे दिसत असतील तर तेही, बाहेरून पुसून जात नाहीत.

दुकानात आधी खर्चाचा अंदाज विचारा, आणि तसाच कॅमेरा जुन्या बाजारात, बुधवारी-रविवारी, केवढ्याला पडतो तेही बघा. लेन्सचा पूर्ण भाग बदलायचा असेल तर बहुतेक वेळा दुसरा कॅमेरा घेणं स्वस्त पडतं. देताना काय केल्यावर काय होतं ते कागदावर लिहून द्या, नुसतं "चालत नाही" म्हणू नका. कार्ड घरी ठेवा, बॅटरी आणि चार्जर मात्र न्या, नाहीतर तो चालू करून बघणार कसा.